फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेताय? डिपॉझिट नेमकं कुठे अडकतं, ते आधी समजून घ्या

‘सदाशिव पेठ, वन बीएचके, फुल्ली फर्निश्ड, लिफ्ट आहे, टू-व्हीलर पार्किंग, फॅमिली किंवा वर्किंग, डिपॉझिट तीन महिने.’ पुण्याच्या मध्यवस्तीत घर शोधणाऱ्याच्या मोबाइलवर दिवसातून दहा वेळा असा मेसेज येतो. सोबत पाच-सहा फोटो असतात. सोफा, पडदे, फ्रिजचा दरवाजा आणि कुठल्याशा कोनातून मोठी वाटणारी बेडरूम.

नोकरीसाठी नाहीतर शिकायला पुण्यात आलेल्या माणसाला हे सोयीचं वाटतं. लातूरहून किंवा जळगावहून पलंग-कपाट आणायला नको, बॅग घेऊन जायचं आणि राहायला लागायचं. पण भाड्याच्या घरावरून होणारी सगळ्यात जास्त भांडणं याच सोयीवरून होतात आणि ती घर घेताना होत नाहीत, सोडताना होतात. सोफ्यावरचा डाग, फ्रिजचा तुटलेला ट्रे, ‘गीझर तुम्ही आलात तेव्हा चालू होता’ असली वाक्यं सुरू होतात आणि डिपॉझिटचा आकडा दर वाक्याला खाली येत जातो.

‘फर्निश्ड’ची व्याख्या कुठेच नाही

अनफर्निश्ड, सेमी-फर्निश्ड आणि फुल्ली फर्निश्ड हे तीन शब्द सगळ्या जाहिरातींत असतात. महाराष्ट्राच्या भाडे कायद्यात मात्र त्यांची व्याख्या नाही. हे बाजारातले शब्द आहेत, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या सोयीने वापरतो.

साधारण रिवाज असा की, सेमी-फर्निश्ड म्हणजे भिंतीला लागलेल्या गोष्टी : पंखे, दिवे, कपाटं, किचन ट्रॉली, गीझर. फुल्ली फर्निश्डमध्ये त्यावर पलंग, गादी, सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, गॅसची शेगडी आणि बहुतेकदा पाण्याचा फिल्टर येतो. एसी असेलच असं नाही. शेगडी असली तरी गॅसचं कनेक्शन असेलच असंही नाही. पुण्यात पाइपलाइनचा गॅस असलेल्या इमारती आहेत, तशाच पेठांमधल्या जुन्या इमारतीही आहेत जिथे अजून सिलिंडरच चालतो. आणि सिलिंडर मालकाच्या नावावर असेल तर तो संपल्यावर बुक कोण करणार, हा प्रश्न पहिल्या महिन्यातच उभा राहतो.

म्हणून ‘फर्निश्ड आहे ना?’ हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही. ‘घरात काय काय ठेवून जाणार आहात?’ असं विचारलं की उत्तर वस्तूंच्या नावानिशी मिळतं. फोटोतला टीव्ही आधीच्या भाडेकरूचा होता, हेही तेव्हाच कळतं.

जास्तीचं भाडं परवडतं का?

हा हिशेब फार कमी लोक करतात. समजा, एकाच इमारतीत सेमी-फर्निश्ड वन बीएचके २०,००० रुपयांना आहे आणि फुल्ली फर्निश्ड २६,००० रुपयांना. फरक महिन्याला ६,०००. अकरा महिन्यांत ६६,००० रुपये. एवढ्यात साधा पलंग, गादी, छोटा फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टेबल-खुर्ची नवीन येऊ शकते, जुन्या बाजारातून घेतली तर बरेच पैसे उरतात. दोन वर्षं राहायचं असेल तर फर्निचरपोटी सव्वा लाखाहून जास्त गेले आणि वस्तू मालकाच्याच राहिल्या.

दुसरी बाजूही आहे. सहा-आठ महिन्यांचा प्रोजेक्ट असेल, बदलीची शक्यता असेल किंवा परीक्षेचा निकाल लागला की गाव बदलायचं असेल, तर वस्तू विकत घेणं, तिसऱ्या मजल्यावर चढवणं आणि जाताना मिळेल त्या भावाने विकणं हे सगळं महागात जातं. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्याही आता पुण्यात आहेत. सेमी-फर्निश्ड घर आणि भाड्याचं फर्निचर हा मधला मार्ग अनेकदा स्वस्त पडतो. निदान आकडे शेजारी शेजारी लिहून बघावेत. साधारण वर्षापेक्षा जास्त राहायचं पक्कं असेल, तर फुल्ली फर्निश्डच्या वाटेला न गेलेलं बरं.

डिपॉझिटही भाड्याच्या पटीत मागतात, त्यामुळे भाडं वाढलं की तेही फुगतं. वरच्याच उदाहरणात तीन महिन्यांचं डिपॉझिट ७८,००० रुपये होतं. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं आणि ब्रोकरने एक महिन्याचं भाडं मागितलं तर ते धरलं, की घरात पहिली रात्र झोपायच्या आधी १,३०,००० रुपये खात्यातून गेलेले असतात. पहिल्या नोकरीतल्या माणसासाठी ही रक्कम लहान नाही आणि त्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा डिपॉझिटचा आहे.

पेठेतलं घर बघायला जाताना

सदाशिव, नारायण, शनिवार, शुक्रवार या पेठा आणि नदीपलीकडचं डेक्कन म्हणजे जुन्या पुण्याचा गाभा. स्पर्धा परीक्षांचे क्लास, अभ्यासिका, मेस, लक्ष्मी रस्ता, मंडई सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. डेक्कनला आणि मंडईला आता मेट्रोची स्थानकंही आहेत. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा २०२४च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला. त्यामुळे हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी नसेल, तर इथे गाडीशिवाय राहणं शक्य आहे.

गाडी असेल तर मात्र पहिला प्रश्न पार्किंगचा. वाडे पाडून उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींत चारचाकीला जागा नसते आणि गल्लीत लावलेली गाडी उचलून नेली जाते. नदीपात्रात गाड्या लावायची पुण्याची जुनी सवय आहे, पण खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्यांची धावपळ होते. पावसाळ्यात त्या भरवशावर राहता येत नाही.

गणेशोत्सवाबद्दल मालक आपणहून सांगत नाहीत. लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर या रस्त्यांवरून विसर्जनाच्या मिरवणुका जातात आणि त्या दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतात. रस्ते बंद असतात, खिडक्या हादरतात. कुणाला गॅलरीतून मिरवणूक दिसणं ही घराची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटेल. पण घरात तान्हं बाळ, आजारी माणूस किंवा महिन्यावर आलेली परीक्षा असेल, तर आतल्या गल्लीतलं घर बघावं.

महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, टाकी किती मोठी आहे, टँकर आला तर त्याचे पैसे कोण देतं, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारावं. घर एकदा दिवसा आणि एकदा रात्री बघावं. आणि फर्निश्ड घर असेल तर गादी उचलून, पलंगाच्या फटींत मोबाइलचा टॉर्च मारून बघावं. ढेकूण हा पुण्यातल्या कॉटबेसिस आणि फर्निश्ड खोल्यांचा जुना, न बोलला जाणारा विषय आहे. एकदा सामान आत गेलं की ते आधीपासून होते की आपल्याबरोबर आले, हे सिद्ध करता येत नाही.

विजेच्या मीटरकडेही बघावं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, पुढच्या टप्प्यातल्या युनिटला जास्त दर लागतो. एका मोठ्या फ्लॅटचे दोन-तीन भाग करून भाड्याने दिले असतील आणि मुख्य मीटर एकच असेल, तर सगळ्यांची युनिटं एकत्र मोजली जातात आणि प्रत्येकाला वरच्या टप्प्याचा फटका बसतो. त्यावर मालक सबमीटरने ‘युनिटला इतके’ असा स्वतःचाच दर लावत असेल, तर तो मूळ बिलाशी ताडून बघायला मागावं.

भाडेकरू नव्हे, लायसन्सी

मराठीत सगळे ‘भाडेकरार’ म्हणतात. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईत आज होणारे बहुतेक करार ‘लीव्ह अँड लायसन्स’ या प्रकारचे असतात. भाडेपट्ट्यात जागेवर काही काळापुरता हक्क मिळतो. लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते. ही कल्पना १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातून आली आहे.

मालकांना हाच प्रकार का हवा असतो, याला इतिहास आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली आणि भाडेकरूला काढणं अवघड केलं. त्यातून सुटका म्हणून मालक ‘हा भाडेकरू नाही, लायसन्सी आहे’ असं कागदावर लिहून जागा देऊ लागले. सरकारने मग कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी चालू लायसन्सवर जागेत राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. अनेक मालकांच्या जागा कायमच्या अडकल्या. पेठांमधल्या वाड्यांत नाममात्र भाड्यावर राहणारी कुटुंबं आणि ‘घर भाड्याने देऊ नये, माणूस उठत नाही’ असं म्हणणारे आजोबा, दोन्ही त्या काळाची देणगी आहेत.

आजचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमाने मालकांची ही भीती बरीच कमी केली. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागू शकतो. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते.

राहणाऱ्याच्या दृष्टीने याचे काही परिणाम थेट आहेत. लायसन्स ही त्या व्यक्तीला दिलेली परवानगी असते, ती दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. चार मित्र मिळून घर घेत असतील आणि करार एकाच्याच नावावर असेल, तर कागदोपत्री बाकी तिघे पाहुणे असतात. ज्याचं नाव आहे तो नोकरी बदलून बंगळुरूला गेला की इतरांचा राहायचा आधार संपतो आणि डिपॉझिट परत मागायचा हक्कही त्याच्याकडेच राहतो. चौघांचीही नावं करारात असावीत, कुणी किती डिपॉझिट दिलं हेही असावं.

शिवाय मालकाने फ्लॅट विकला, तर नवा मालक जुन्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. मध्यवस्तीतले बरेच फर्निश्ड फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, चांगला भाव आला की विकले जातात. मुदतीत घर विकलं तर किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट कोण परत करणार, हे एक वाक्य करारात घालून घ्यावं. मालक सहसा नाही म्हणत नाहीत, कारण मुद्दाच कुणी काढलेला नसतो.

अकरा महिन्यांचं कोडं

करार अकराच महिन्यांचा का? १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं बंधनकारक आहे. अकरा महिने लिहिले की नोंदणी टळते, अशी देशभर प्रथा पडली.

महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. १९९९च्या कायद्याच्या ५५व्या कलमानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळण्यात खरं नुकसान मालकाचंच आहे. तरीही ‘नोटरी करून टाकू, तेवढंच पुरतं’ असं सांगणारे मालक आणि ब्रोकर आजही भेटतात. स्टॅम्पपेपरवर केलेली नोटरी म्हणजे नोंदणी नाही.

खर्च किती येतो, तेही बघू. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते कराराच्या पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेल्या व्याजाच्या रकमेवर लागतं. वरचंच उदाहरण घेतलं तर अकरा महिन्यांचं भाडं २,८६,००० रुपये, ७८,००० रुपयांच्या डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज ७,१५० रुपये, एकूण २,९३,१५० रुपये. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ७३३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. हे दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे काम ऑनलाइन होतं, आधारने ओळख पटवली जाते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांग लावावी लागत नाही. घरी येऊन अंगठे घेणारे एजंट आपलं शुल्क वेगळं लावतात. ते दोघांनी निम्मं निम्मं देण्याची पद्धत आहे, पण ही पद्धतच आहे, नियम नव्हे.

फर्निश्ड फ्लॅटच्या बाबतीत एक युक्ती वारंवार दिसते. मालक भाडं दोन भागांत मागतो : १६,००० रुपये घराचं भाडं म्हणून करारात आणि १०,००० रुपये ‘फर्निचर आणि अमेनिटीज’ म्हणून वेगळ्या कागदावर, कधी रोख. जुन्या करप्रणालीत राहून एचआरएची सवलत घेणाऱ्या पगारदाराला याचा थेट तोटा होतो, कारण तो दाखवू शकतो फक्त घरभाड्याची पावती. वर्षाचं भाडं एक लाखाहून जास्त असेल, तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो. काही मालकांची कुरकुर तिथूनच सुरू होते. पॅन देणार का, हा प्रश्न टोकन देण्याआधी विचारायचा. मार्चमध्ये विचारून उपयोग नाही. महिन्याचं भाडं ५०,००० रुपयांहून जास्त असेल, तर राहणाऱ्यानेच त्यातून टीडीएस कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४पासून तो दर पाचवरून दोन टक्के झाला.

करारातलं सगळ्यात महत्त्वाचं पान

फर्निश्ड घराच्या करारात मुख्य मजकूर जवळपास सगळीकडे सारखा असतो. पुढची भांडणं ठरतात ती शेवटी जोडलेल्या वस्तूंच्या यादीवर. आणि हेच पान सगळ्यात घाईत लिहिलं जातं : ‘बेड १, सोफा १, फ्रिज १, फॅन ३’. एवढंच.

अशी यादी निरुपयोगी आहे. फ्रिज कुठल्या कंपनीचा, किती लिटरचा, किती वर्षांचा, त्याचा ट्रे तुटलेला आहे का, हे त्यात नाही. दोन वर्षांनी मालक म्हणाला की फ्रिज नवा होता, तर ते खोडून काढायला हातात काही नसतं. यादीत प्रत्येक वस्तूपुढे तिची आजची अवस्था हवी : ‘सोफा तीन सीटचा, डाव्या हातावर फाटलेला’, ‘वॉशिंग मशीन चालू, ड्रेनचा पाइप टेपने बांधलेला’, ‘बेडरूमच्या कपाटाची किल्ली नाही’. वाचायला हास्यास्पद वाटेल, पण डिपॉझिटच्या दिवशी हीच वाक्यं वाचवतात.

त्यापुढे आणखी एक रकाना असावा, जो जवळपास कुणीच ठेवत नाही : वस्तूची आजची मान्य किंमत. सहा वर्षांचा सोफा खराब झाला, तर नव्या सोफ्याची किंमत कापायची की सहा वर्षांच्या सोफ्याची? मालकाचं उत्तर ठरलेलं असतं. त्या दिवशी दोघांनी मिळून ‘सोफा, ४,००० रुपये’ असं लिहिलं असेल, तर कपात त्याहून पुढे जाण्याचा प्रश्न उरत नाही. वर आणखी एक ओळ हवी : रोजच्या वापराने होणारी झीज राहणाऱ्याच्या माथी नाही. गादी बसणं, पडदे विटणं, ट्रॉलीची चाकं घासणं ही झीज. पडद्याला इस्त्रीचा चटका बसणं हे नुकसान.

दुरुस्तीचंही तसंच. गीझरची कॉइल जळली, फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, इन्व्हर्टरची बॅटरी संपली, तर पैसे कुणाचे? न्याय्य वाटणी अशी की वस्तू जुनी होऊन बंद पडली तर मालकाचे, हयगयीने बिघडली तर राहणाऱ्याचे, आणि किरकोळ काम, म्हणजे बल्ब, नळाचा वॉशर, एसीची सर्व्हिसिंग, राहणाऱ्याचं. पण ‘किरकोळ’ म्हणजे किती रुपये हे लिहावं, नाहीतर दोन हजारांचं बिलही किरकोळ ठरतं. आणि मालक परदेशात असेल, तर दुरुस्तीला होकार कोण देणार, त्याचं नाव आणि नंबर आधीच ठरवून घ्यावा.

ताबा मिळाल्याच्या दिवशी, सामान आत न्यायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढावा. कपाटं उघडून, नळ सोडून, फ्रिज-एसी चालू करून. तो लगेच मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि खाली लिहावं की आजच्या दिवशी घर या अवस्थेत मिळालं. पाठवल्याची तारीख-वेळ तिथे राहते, मालकाने ‘ओके’ म्हटलं तर उत्तमच. विजेच्या मीटरचं रीडिंगही त्याच व्हिडिओत घ्यावं, आधीच्या भाडेकरूच्या बिलाचा वाद राहत नाही.

घर सोडताना

डिपॉझिट किती घ्यायचं, यावर महाराष्ट्रात राहत्या घरांसाठी कायद्याने ठरवलेली सरसकट मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. सोशल मीडियावर ‘आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट’ असे व्हिडिओ फिरतात, ते दाखवून पुण्यातला मालक ऐकेल अशी आशा ठेवू नये.

मालकाला ताबा हवा असेल, तर त्याच्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची तुलनेने जवळची वाट आहे. राहणाऱ्याला डिपॉझिट हवं असेल आणि मालक देत नसेल, तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. ७८,००० रुपयांसाठी, तेही गाव सोडून गेल्यावर, ही वाट किती जण चालतील? मालकालाही हे माहीत असतं. म्हणून यादी आणि व्हिडिओ यांचं मोल न्यायालयात जेवढं, तेवढंच न्यायालयात न जाता होणाऱ्या बोलण्यात आहे.

‘डिपॉझिट दिल्याशिवाय किल्ली देणार नाही’ असं काही जण अडून बसतात. राग समजण्यासारखा आहे, पण मुदत संपल्यावर जागा अडवली की २४व्या कलमातली दुप्पट भरपाई डोक्यावर येऊ शकते, त्यामुळे डिपॉझिटच संपून जाईल. त्यापेक्षा करारातच लिहावं की किल्ली आणि डिपॉझिट एकाच दिवशी, एकाच बैठकीत दिलं-घेतलं जाईल. शेवटचं वीजबिल आलेलं नसेल, तर सरासरी बिलाएवढी रक्कम बाजूला ठेवावी, पूर्ण डिपॉझिट अडवायला ते कारण होऊ नये.

‘पेंटिंग चार्जेस’ हा पुण्यातला आणखी एक ठरलेला प्रकार. घर सोडताना रंगासाठी म्हणून काही हजार, कधी पूर्ण महिन्याचं भाडं कापलं जातं. करारात तसं लिहिलं असेल आणि सही केली असेल, तर नंतर तक्रार करून फारसं हाती लागत नाही. सही करण्याआधी मात्र ते खोडून घेता येतं, किंवा ‘प्रत्यक्ष रंगकामाची पावती दाखवून’ असे शब्द घालता येतात. लॉक-इनचंही बघावं. सहा महिन्यांच्या आत सोडल्यास डिपॉझिट जप्त, अशी अट असेल तर ती मालकालाही लागू आहे का? त्याने सहा महिन्यांत घर खाली करायला सांगितलं, तर काय?

सोसायटीचा भाग थोडक्यात. सभासदाने फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिला की सोसायटीला कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो आकार घेते, तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हा आकार मालकाचा, भाड्यात धरलेला आहे की वेगळा मागणार, ते विचारून घ्यावं. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही मालकाचं काम आहे. त्याची पोच राहणाऱ्याने आपल्याकडे ठेवावी.

आणि घर न बघता पैसे पाठवायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं. ‘लष्करात आहे, बदली झाली, घर बघायला गेट पाससाठी आधी थोडी रक्कम पाठवा, नंतर भाड्यातून वजा करतो’ ही फसवणुकीची पद्धत जुनी झाली तरी चालूच आहे. फर्निश्ड फ्लॅटचे सुंदर फोटो आणि त्या भागाच्या मानाने फारच कमी भाडं, असं एकत्र दिसलं की सावध व्हावं. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, हे तपासायला विजेचं बिल, महापालिकेच्या मिळकतकराचं बिल आणि फ्लॅटच्या खरेदीचा इंडेक्स टू पुरतो. तिन्हींवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. नाव वडिलांचं असेल आणि करार मुलगा करत असेल, तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. मालक असेल त्याला हे कागद दाखवायला पाच मिनिटं लागतात.